खरखर काढा, पण गळा बदलू नका

गेल्या एक-दोन वर्षांत जुन्या गवयांच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने ‘स्वच्छ’ केलेल्या चिजा फोनवर फिरू लागल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीची लाखेची तबकडी, पण तिच्यावरची सगळी खरखर गायब. आवाजाला एकाएकी भरीवपणा आलेला, भोवती सभागृहाचा घुमारा, आणि वर ओळ लिहिलेली असते की जणू समोर बसून गात आहेत. खाली ठरलेला वाद पेटतो. एका बाजूला नवे तंत्रज्ञान डोक्यावर घेणारे: खरखर ऐकत बसण्यात कसली आली रसिकता, नव्या पिढीला हे ऐकवायचे की नाही? दुसऱ्या बाजूला जुने रसिक: त्या खरखरीतच तर सगळा जीव होता, यंत्राने आत्मा काढून घेतला. पहिले दुसऱ्यांना बुरसटलेले म्हणतात, दुसरे पहिल्यांना कानाचे कच्चे ठरवतात, आणि वाद तिथेच विझतो.

माझ्या मते दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. खरखर आवडणे-न आवडणे ही रुचीची बाब झाली, आणि रुचीवर भांडण करायचे कारण नाही. प्रश्न पुराव्याचा आहे. तबकडीच्या चरीत (सुईने कोरलेल्या खाचेत) जे उमटले आहे त्याच्यावरची धूळ झटकायला माझी काहीच हरकत नाही. पण चरीत जे कधी उमटलेच नाही ते यंत्राकडून भरून घ्यायचे आणि त्याला मूळ गायिकेचे नाव लावायचे, याला मात्र आहे. पहिले काम साफसफाईचे. दुसऱ्यातून नवे गाणे तयार होते, आणि ज्या व्यक्तीचे नाव त्याला लागते तिने ते कधी गायलेले नसते. या दोन्हींना सरसकट ‘रिस्टोरेशन’ म्हटले जाते, तिथून सगळा घोळ सुरू होतो.

बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की आपल्याकडे भक्ती आड येते आणि युक्तिवाद बाजूला राहतो. म्हणून मी उदाहरण मुद्दाम लांबचे घेतो, जिथे आपल्यापैकी कोणाच्याच भावना गुंतलेल्या नाहीत: नेली मेल्बा. ऑस्ट्रेलियाची सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाची गायिका, विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायिकांपैकी एक. मराठी वाचकाची तिची ओळख बहुधा आइस्क्रीमच्या मेनूकार्डावरची. ‘पीच मेल्बा’ हा पदार्थ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या एस्कॉफिए या बल्लवाचार्याने तिच्या नावाने केला. गाणे मागे पडले आणि पदार्थ उरला, असे नशीब फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला आले असेल.

१८६१ साली मेलबर्नच्या रिचमंड भागात ती जन्मली तेव्हा तिचे नाव हेलन पोर्टर मिचेल होते. वडील स्कॉटलंडहून आलेले बांधकाम कंत्राटदार. मेलबर्नची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग त्यांनीच बांधली. १८८२ साली क्वीन्सलँडमध्ये लग्न झाले, एक मुलगा झाला, संसार टिकला नाही. १८८६ मध्ये ती युरोपला गेली आणि पॅरिसमध्ये मातिल्ड मार्केझी या कडक शिस्तीच्या गुरूकडे शिकली. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सला ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरात जिल्दाच्या भूमिकेत उभी राहिली, ती आपल्या शहराच्या नावावरून घेतलेले ‘मेल्बा’ हे नाव लावून. त्यानंतर लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहात जवळजवळ चार दशके तिचा दबदबा होता. स्वभावाने कडक, व्यवहाराला पक्की, प्रतिस्पर्धी गायिकेला रंगभूमीवर सहजी पाय ठेवू न देणारी. १८९६ साली न्यूयॉर्कला वॅग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डची भूमिका गाण्याचा हट्ट केला, गळ्याला न झेपणारे ते काम अंगाशी आले आणि काही काळ गाणे थांबवावे लागले. पण तिच्याकडे निव्वळ राजेरजवाड्यांची गायिका म्हणून पाहणेही चूक आहे. १९०९ साली ती ऑस्ट्रेलियातल्या लहान लहान गावांत मैफली करत हिंडली. पहिल्या महायुद्धात मदतनिधीसाठी केलेल्या कामाबद्दल १९१८ मध्ये तिला ‘डेम’ हा किताब मिळाला. निरोपाचे कार्यक्रम तिने इतक्यांदा केले की पुन्हा पुन्हा निवृत्त होणाऱ्या माणसाला ऑस्ट्रेलियात आजही तिचीच उपमा देतात.

आता मुद्द्याचे. मेल्बाच्या बाबतीत इतिहासाने आपल्यासाठी एक प्रयोगच करून ठेवला आहे. एकाच गळ्याची साक्ष तीन वेगवेगळ्या यंत्रांनी दिली आहे, आणि तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत.

पहिली साक्ष १९०१ ची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मॅपल्सन यांना एडिसनच्या फोनोग्राफचा नाद लागला. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. आधी गायकांना शब्द सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या खोक्यातून, मग रंगमंचाच्या वरच्या मचाणावरून. एकेक तुकडा दोनेक मिनिटांचा. ती नळकांडी आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. त्यांचा आवाज ऐकवत नाही असे म्हणणेसुद्धा सौम्य होईल. पावसात पत्र्याखाली उभे राहून कोणाचे तरी गाणे ऐकावे, तसा तो अनुभव असतो. पण त्या कोलाहलातून मायरबेअरच्या ‘ह्यूगनॉ’मधली राणी मार्गरीत गाणारी मेल्बा अचानक बाहेर येते आणि थक्क करते. पूर्ण वाद्यवृंद, हजारोंचे सभागृह, आणि त्यावरून झेपावणारी बेदरकार फिरत. ही बाई जोखीम घेत होती, हे तिथे कळते.

दुसरी साक्ष व्यापारी तबकड्यांची. मार्च १९०४ मध्ये ग्रामोफोन कंपनीची माणसे आपला कर्णा घेऊन लंडनमधल्या तिच्या ग्रेट कंबरलंड प्लेसच्या घरी गेली. त्या तबकड्या फिकट जांभळ्या लेबलवर, तिच्या सहीनिशी, एका गिनीला म्हणजे एकवीस शिलिंगांना विकल्या गेल्या. तमान्यो या प्रसिद्ध टेनरच्या (पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजाच्या गायकाच्या) तबकडीची किंमत एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग होती. मेल्बाची त्याहून एक शिलिंग जास्त; ती शिलिंग तिने सोडली नसती. या तबकड्यांवर आवाज स्पष्ट आहे, सूर आरपार आहे, ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद अदलाबदल) घड्याळासारखी नेमकी आहे. आणि तरी ऐकणाऱ्याला वाटते, बाई जरा थंडच आहेत. पांढरा, सपाट, बासरीसारखा आवाज. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच श्रोत्यांनी मेल्बाबद्दल जे मत बनवले ते या तबकड्यांवरून.

तिसरी साक्ष ८ जून १९२६ ची. कॉव्हेंट गार्डनमधला तिचा निरोपाचा प्रयोग, राजे पाचवे जॉर्ज उपस्थित, आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने मायक्रोफोन लावून केलेले विद्युत ध्वनिमुद्रण. मेल्बा पासष्ट वर्षांची. ‘ला बोएम’मधल्या मिमीचा निरोप, ‘ओतेल्लो’मधले विलोचे गाणे, शेवटी गहिवरून केलेले भाषण. १९०४ मध्ये ती बेचाळीस वर्षांची होती. म्हणजे १९२६ चा आवाज त्याहून पुष्कळ थकलेला असायला हवा, आणि वरच्या सप्तकात वय दिसतेच. पण मधल्या स्वरांना इथे अंग आहे, रंग आहे, शब्दामागे भाव आहे. बेचाळीसाव्या वर्षी जी थंड वाटली तीच पासष्टाव्या वर्षी ऊबदार वाटते. आता सांगा, बावीस वर्षांत मेल्बा बदलली की यंत्र?

यंत्राचे काय झाले ते पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गाणारी व्यक्ती कर्ण्यात गायची, आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा, आणि त्याला जोडलेली सुई मेणावर चर कोरायची. जोराचा स्वर लागला की सुई भरकटायची, म्हणून तार स्वराला गायिकेने मागे सरायचे आणि खालच्या स्वराला कर्ण्यात जवळजवळ तोंड घालायचे. व्हायोलिनचा आवाज पोचत नसे म्हणून त्याला धातूचा कर्णा जोडलेले स्ट्रो व्हायोलिन वाजवत. बासच्या तंतुवाद्याऐवजी ट्यूबा फुंकत. आणि हा कर्णा साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) वरचे फारसे काही पकडत नसे. सोप्रानोचा वरचा सी (पाश्चात्त्य सप्तकातला एक तार स्वर) असतो सुमारे १०४६ हर्ट्झचा. त्याचा पहिला उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारा, आवाजाला रंग देणारा वरचा स्वर) दोन हजार नव्वदच्या आसपास, दुसरा तीन हजारांच्या पुढे. म्हणजे मेल्बाने वरचा सी लावला की कर्ण्यातून आत जायचा तो बहुतांश नुसता पायाचा स्वर. त्याच्या अंगावरचे सगळे दागिने दाराबाहेरच राहायचे. जवारी काढून टाकलेला तंबोरा कसा वाजेल, तसेच हे. स्वर तोच, पण झणत्कार नाही. ‘स’ आणि ‘श’सारखी वर्णे तर त्याहून वरच्या पट्ट्यात राहतात, ती जवळजवळ पुसलीच जायची.

पुरुषाच्या आवाजाचे तसे नव्हते. टेनरचा पायाचा स्वर खाली असतो, त्यामुळे त्याचे चारपाच उपस्वर कर्ण्याच्या पट्ट्यात सहज मावायचे. एन्रिको कारुसोने ग्रामोफोन प्रतिष्ठित केला, हे वाक्य प्रत्येक इतिहासात असते. त्याची दुसरी बाजू अशी की ग्रामोफोनच कारुसोच्या मापाचा होता. फ्रेड गायझबर्ग या ध्वनिमुद्रकाने एप्रिल १९०२ मध्ये मिलानला कारुसोचे गाणे टिपले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जानचे. तबकडीच्या शेवटी गौहर जान इंग्रजीतून आपले नाव सांगते, ते आपल्याला गंमतीचे वाटते. पण तिचे गाणेही त्याच अरुंद दारातून आत आले आहे, हे आपण किती वेळा ध्यानात घेतो? पहिल्या पिढीतल्या गायिकांचे आवाज ‘चिरके’ किंवा ‘नाकात’ होते, असे सर्रास म्हटले जाते. त्यातले किती गळ्याचे आणि किती कर्ण्याचे, हे न पाहता दिलेला निकाल आपण शंभर वर्षे उगाळतो आहोत.

इथे कोणी म्हणेल, मग तुम्हीच तर आमची बाजू मांडलीत. कर्ण्याने मेल्बावर अन्याय केला असेल तर आजच्या यंत्राने तो दूर करायला नको का? हरवलेले उपस्वर परत द्यायला नकोत?

द्यायला हवेत, पण आणणार कुठून? चरीत ते नाहीत. चरीत जे नाही ते कोणत्याही गणिताने ‘परत’ येत नाही, त्याचा अंदाज तेवढा बांधता येतो. अंदाज कशावरून? यंत्राला शिकवलेल्या हजारो आवाजांवरून, आणि ते आवाज अर्थातच चांगले ध्वनिमुद्रण झालेले, म्हणजे गेल्या पन्नास-साठ वर्षांतले. आजची सोप्रानो मोठ्या वाद्यवृंदावरून आवाज नेण्यासाठी घडवलेली, रुंद व्हायब्रेटोची (स्वराच्या कंपाची), भरदार मधल्या सप्तकाची असते. मेल्बा मार्केझीच्या शाळेतली. तिचा व्हायब्रेटो अरुंद आणि जलद, स्वराचा आरंभ सरळ, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखे सरकणे हा तिच्या काळचा शिष्टाचार. यंत्र जेव्हा तिच्या स्वरावर उपस्वर चढवते तेव्हा ते आजच्या सोप्रानोचे अंग तिच्या पायावर बसवते. ऐकणाऱ्याला ते ‘नैसर्गिक’ वाटते, कारण ते त्याच्या ओळखीचे असते. म्हणजे जे वेगळेपण ऐकण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची तबकडी लावायची, तेच वेगळेपण नाहीसे होते. मेरी गार्डन या समकालीन गायिकेने ‘ला बोएम’च्या पहिल्या अंकाअखेरच्या मेल्बाच्या सीबद्दल लिहून ठेवले आहे की तो स्वर तिच्या गळ्याशी, शरीराशी संबंध नसल्यासारखा सभागृहात तरंगत आला. असा स्वर सरासरीतून कसा निघेल? सरासरीबाहेरचा होता म्हणूनच तर तो गार्डनच्या लक्षात राहिला.

आणि हे काही पहिल्यांदा घडत नाही. कारुसो १९२१ साली गेला. १९३२ मध्ये त्याच्याच कंपनीने त्याच्या जुन्या कर्ण्याच्या तबकड्यांवर नवा वाद्यवृंद विद्युत पद्धतीने चढवून त्या पुन्हा विकल्या. १९६० च्या दशकात एकाच मार्गावर टिपलेले संगीत दोन स्पीकरांत वाटून खोटे स्टीरिओ केले गेले. दोन हजार साल उजाडता उजाडता कारुसोवर पुन्हा एकदा नवा वाद्यवृंद चढला, या वेळी डिजिटल. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ या नावाने ढोल आणि झांजा ओतल्या गेल्या. रिक्षात, रसवंतीगृहात, गणपतीच्या मांडवात एक अख्खी पिढी तेच मूळ समजून वाढली. प्रत्येक वेळी दावा एकच, की आता हे आजच्या कानाला रुचेल. रुचलेही असेल. पण आज १९३२ चा कारुसो कोण ऐकतो? त्यावर १९३२ सालची अभिरुची ऐकू येते, म्हणून विचित्र वस्तू जमवणारे तो जपतात एवढेच. १९०४ ची तबकडी मात्र अजून ऐकली जाते.

अजिंठ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी भित्तिचित्रे पक्की केली, गळणारे तुकडे बसवले, आणि चित्रांवर लाखेचे रोगण दिले. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते, हेतूही चांगला होता, आणि पक्केपणाच्या कामाने पुष्कळ काही वाचले. पण ते रोगण पुढे पिवळे पडून काळवंडले आणि नंतरच्या पिढ्यांना ते काढत बसावे लागले. तरी तिथे एक दिलासा होता: रोगण काढता येत होते, कारण खाली मूळ चित्र होते. ज्याने फक्त ‘स्वच्छ’ आवृत्ती ऐकली आणि जपली, त्याच्याकडे खाली काय असणार?

विरोधी बाजूचे काही मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला असा की ‘शुद्ध मूळ’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. ७८ फेऱ्यांचा वेग त्या काळी पक्का झालेला नव्हता. तबकड्या सत्तरच्या खालपासून ऐंशीच्या वरपर्यंत कशाही वेगाने कोरल्या जात. वेग सहा टक्क्यांनी चुकला की गाणे अर्ध्या स्वराने वर जाते, आवाज पोरकट वाटतो, ट्रिल उगाच चपळ होते. मेल्बाच्या तबकडीचा वेग ठरवणारा अभियंता, सुईची जाडी निवडणारा अभियंता, हे सगळे मूळात हातच घालत असतात. खरे आहे. पण वेगाच्या प्रश्नाला तपासता येण्याजोगे उत्तर असते. साथीचा पियानो कोणत्या पट्टीत लावलेला असे, ती चीज गायिका कोणत्या स्वरात गात असे, शेजारच्या तबकड्या काय सांगतात, यावरून वाद घालता येतो आणि चूक झाली तर उद्या दुसरा अभियंता ती दुरुस्त करतो. यंत्राने कल्पिलेला चौथा उपस्वर कशाशी ताडून पाहणार? तो चूक ठरवता येत नाही, आणि म्हणूनच तो बरोबरही ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. १९७० च्या दशकात टॉमस स्टॉकहॅम या अमेरिकी अभियंत्याने संगणक वापरून कारुसोच्या तबकड्यांमधला कर्ण्याचा स्वतःचा घुमारा वेगळा काढला. १९७६ साली आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीने त्या बाजारात आणल्या. कर्ण्याने आवाजाला कुठे फुगवले आणि कुठे दाबले हे ओळखण्यासाठी स्टॉकहॅमने तीच चीज गाणाऱ्या नंतरच्या टेनरचे, युसी ब्यॉर्लिंगचे, ध्वनिमुद्रण आधाराला घेतले होते. मग त्यानेही दुसऱ्याच्या आवाजावरून कारुसो घडवला, असे का म्हणू नये? म्हणता येईल, काही अंशी. रेषा धारदार नाही हे मी कबूल करतो. तरी फरक आहे: स्टॉकहॅमच्या गणिताने चरीत असलेल्या स्वरांचे तोलमाप बदलले, नसलेला स्वर त्यात आणला नाही. बीटल्सच्या २०२३ मधल्या ‘नाऊ अँड देन’मध्ये जॉन लेननचा आवाज जुन्या कॅसेटवरच्या पियानोपासून यंत्राने सोडवून घेतला, तेही याच जातीचे. कॅसेटवर तो आवाज होता, तो वेगळा केला. अशा कामाला मी टाळ्या वाजवीन.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो, कारण तिथे माझे मत अनेकांना उफराटे वाटेल. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कुटुंबीयांच्या संमतीने, मोबदला देऊन, यंत्रातून घडवले आणि एका तमिळ चित्रपटाच्या गाण्यात वापरले. त्यावर बरीच टीका झाली. मला त्यात ‘रिस्टोरेशन’पेक्षा कमी धोका दिसतो. गाणे नवे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. ती १९९० ची सापडलेली फीत आहे असे कोणी म्हणत नव्हते. नवे गाणे ‘नवे’ म्हणून विकण्यात फसवणूक कसली? फसवणूक होते ती नवे गाणे ‘जुनेच, फक्त पुसलेले’ म्हणून हाती दिले जाते तेव्हा.

तिसरा मुद्दा लोकशाहीचा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सशक्त. वीस वर्षांच्या मुलीने मेल्बा किंवा गौहर जान लावली, पहिल्या पाच सेकंदांत तळणीसारखा आवाज आला आणि तिने पुढचे गाणे लावले. तुमचा पुरावा सुरक्षित, पण कपाटात. ऐकणाराच नसेल तर ते जपून काय उपयोग? मी हे मान्य करतो, आणि म्हणूनच कट्कट् काढायला, सततचा खळखळाट कमी करायला माझा विरोध नाही. मात्र खरखर हाच अडसर आहे, हे गृहीतक मला पटत नाही. कान तिला दोन मिनिटांत सरावतो. पंख्याचा आवाज आपण ऐकतो का? खरा अडसर अनोळखी गायकीचा असतो. तीन मिनिटांत राग का संपला, बाई एवढ्या उंच पट्टीत का गातात, शब्द का गिळतात, हे कोणी सांगत नाही. त्यासाठी माहिती देणारा माणूस लागतो. ते काम अवघड आहे आणि त्यात टाळ्या नाहीत, म्हणून आपण खरखर पुसतो आणि ओळख करून दिल्याचे समाधान मानतो.

शेवटी हे सगळे जिथे जाऊन पोचते ती जागा आपल्या घरातली आहे. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही. १९४६ पर्यंत ते हयात होते, कोल्हापूर-मुंबईत गात होते, शिकवत होते. त्यांची गायकी आपण केसरबाई केरकरांच्या, मोगूबाई कुर्डीकरांच्या गळ्यातून ऐकतो. आता केसरबाईंच्या तबकड्या आहेत, मोगूबाईंच्या आहेत, त्या घराण्याच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांचे तासन्‌तास गाणे उपलब्ध आहे. हे सगळे यंत्राला घालून ‘अल्लादिया खाँ, राग नट कामोद’ काढायला काय हरकत आहे? माझ्या ओळखीतले स्वच्छ आवृत्तीचे कडवे समर्थकही इथे दचकतात. दचकायचे कारण काय? मेल्बाच्या वरच्या सीचे उपस्वर ज्या पद्धतीने आले त्याच पद्धतीने खाँसाहेबांचा आख्खा गळा येईल. एके ठिकाणी चार आणे कल्पना आणि दुसरीकडे सोळा आणे, एवढाच तो भेद. मग कितव्या आण्याला थांबायचे, हे स्वच्छतावाल्यांनी सांगायला नको का?

भित्तिचित्रांची डागडुजी करणाऱ्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले आहे. रोमच्या जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या काळात पद्धत रुळली की चित्रातला गेलेला भाग भरायचा तर बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र अखंड दिसते. जवळ गेले की मूळ कुठले आणि भर कुठली हे उघड दिसते. आवाजात अशी रेघ मारता येत नाही. पण तीच शिस्त दुसऱ्या रीतीने पाळता येते. कोणतीही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध करताना तिच्यासोबत त्याच तबकडीचे हात न लावलेले ध्वन्यंतर (तबकडीवरून जशीच्या तशी उतरवलेली प्रत) विनामूल्य द्यायचे. काय काढले आणि काय घातले ते लिहायचे. आणि घातले असेल तर गायिकेच्या नावापुढे तसे छापायचे. यात कोणाचे काय बिघडते?

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९२३ पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून मुक्त झाली, मेल्बाच्या कर्ण्यापुढच्या तबकड्या त्यात आल्याच. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे बालगंधर्वांच्या, हिराबाईंच्या, केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांवर कोणीही काहीही करू शकतो. मला ही मुक्तता हवीच आहे. तिच्यामुळेच तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ पासून चालवलेल्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’सारख्या उपक्रमाची पुढची वाट सोपी होते, जिथे व्हिक्टर कंपनीच्या हजारो तबकड्या कोणीही ऐकू शकतो. पण हक्क संपल्यावर जबाबदारी उरते ती संग्रहालयांची आणि ऐकणाऱ्यांची.

मेल्बाची एक तबकडी या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती गाण्याची तबकडी नाहीच. मे १९१० मध्ये लंडनला ध्वनिमुद्रकांनी तिच्याकडून अंतराची चाचणी करून घेतली: कर्ण्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर उभे राहून तिने काही तुकडे गायचे. विकण्यासाठी ती कधीच नव्हती. कर्ण्याने तिच्या आवाजाचे काय केले, हे थेट सांगणारा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. जवळचा तुकडा आणि दूरचा तुकडा यांतला फरक मोजला तर १९०४ च्या तबकड्या कशा ऐकायच्या याचे थोडे तरी गमक हाती लागते. आता ही तबकडी आजच्या एखाद्या सफाईयंत्रात घाला. ते निष्ठेने आपले काम करील: दूरचा आवाज जवळ आणील, बारीक तुकडा मोठा करील, सगळे एका पातळीवर आणून खोलीचा घुमारा जोडील. ऐकायला छानच होईल, आणि ज्यासाठी तिला उभे केले होते ती चाचणी पुसली जाईल.

आपल्याकडे तर अजून त्या पायरीपर्यंतही आपण आलेलो नाही. मराठी नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या जुन्या तबकड्या जपल्या गेल्या त्या बऱ्याच अंशी खाजगी संग्राहकांच्या घरांत. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या मंडळींनी पदरमोड करून याद्या केल्या, तबकड्यांवरचे क्रमांक उतरवले. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते, आणि संग्राहक म्हातारे होतात. एखाद्या विद्यापीठाकडे, सांस्कृतिक खात्याकडे किंवा तंत्रज्ञान कंपनीच्या देणगीनिधीकडे या कामासाठी पैसा असेल, तर तो आधी चांगली सुई, नीट फिरणारी तबकडी आणि हात न लावलेली ध्वन्यंतरे करणारा एक जाणता माणूस यांवर खर्च व्हावा. मूळ ध्वन्यंतर एकदा झाले आणि सर्वांना खुले केले, की मग ज्याला त्यावर हवे ते चढवायचे असेल त्याने खुशाल चढवावे.